ग्लोव्हज नेमके कुणाला वाचवतात? बॉक्सिंगमधल्या जुन्या समजांची पार्श्वभूमी

बॉक्सिंगच्या वर्गात मुलाचं नाव घालायला आलेले आईवडील बहुतेक वेळा हेच विचारतात: "ग्लोव्हज चांगले जाड आहेत ना? म्हणजे डोक्याला लागायची भीती नाही." त्यांची काळजी खरी असते. पण कोच पोराच्या हाताला पट्टी बांधताना नीट पाहिलं, तर ग्लोव्हज कशासाठी असतात ते लगेच कळतं. साडेचार मीटर लांब सुती पट्टी. तिचा फास अंगठ्यात अडकवायचा, मनगटाला तीन वेढे, मग मुठीच्या गाठींवरून, मग बोटांच्या बेचक्यांतून एकेक वेढा, आणि परत मनगट. ही सगळी निगा हाताची. हातात छोटी छोटी २७ हाडं असतात, आणि नुसती मूठ कवटीवर आदळली की आधी मोडतात ती हीच. पट्टीवर चढणारा ग्लोव्हही मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

तरी हा समज आला कुठून, ते शोधता येतं. लंडनमध्ये जॅक ब्रॉटनने १७४३ साली मुष्टियुद्धाचे पहिले लेखी नियम केले. त्याच्याकडे पैसे मोजून शिकायला उमराव येत. फुटलेलं नाक आणि काळानिळा डोळा घेऊन त्यांना घरी जायचं नव्हतं. त्यांच्यासाठी त्याने मऊ हातमोजे काढले, तेही फक्त सरावापुरते. चेहरा वाचतो हा दावा अशा रीतीने पहिल्यापासून मोज्यांना चिकटला, आणि चेहऱ्यापुरता तो खोटा नव्हता. कातडी कमी फाटते, रक्त कमी दिसतं.

खऱ्या लढती पुढची शंभरहून अधिक वर्षं नुसत्या मुठींनीच होत राहिल्या. त्यात कुस्तीसारखं कवेत घेऊन आपटणंही चालत असे, आणि कुणी जमिनीला टेकला की फेरी संपे. ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपीत जॉन एल. सलिव्हन आणि जेक किलरेन उन्हात दोन तासांहून जास्त वेळ लढले. फेऱ्या झाल्या ७५. हेवीवेट अजिंक्यपदाची नुसत्या मुठींनी झालेली ती शेवटची लढत. आकडा ऐकून अंगावर काटा येतो, पण अशा लढतीत स्वतःची मूठ मोडण्याची धास्ती असल्याने डोक्यावर सरसकट ठोसे मारणं परवडत नसे. मार पोटावर, बरगड्यांवर जास्त जाई.

त्याआधीच, १८६७ मध्ये जॉन ग्रॅहम चेंबर्सने लिहिलेले आणि मार्क्विस ऑफ क्वीन्सबरीच्या नावाने ओळखले जाणारे नियम आले. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, पडलेल्याला उठायला दहा आकडे मोजेपर्यंतचा वेळ, आणि हातात मोजे. ते रुळले आणि हात सुरक्षित झाला. १० औंसाचा, म्हणजे सुमारे २८० ग्रॅमचा ग्लोव्ह चढवलेली मूठ डोक्यावर फेरीमागून फेरी आदळत राहू शकते. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल हाच, आणि त्याला आपण सुधारणा म्हणून मोकळे झालो.

किंमत कळायला १९२८ उजाडलं. न्यू जर्सीतल्या नेवार्कचे डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात 'पंच ड्रंक' (ठोसे खाऊन झिंगलेला) या नावाने लेख लिहिला. पाय ओढत चालणं, जीभ जड होणं, विसरभोळेपणा: बॉक्सिंगच्या वर्तुळात या खुणा सगळ्यांना ठाऊक होत्या, फक्त त्यांची चेष्टा होत असे. त्यांचं एक निरीक्षण फार महत्त्वाचं आहे. हा आजार मार सोसत पुढे घुसणाऱ्यांना होतोच, शिवाय दुसऱ्यांच्या सरावासाठी ठेवलेल्या दुय्यम बॉक्सर्सनाही होतो. ज्यांचं नाव कुठल्या पोस्टरवर छापून आलं नाही, अशी ही माणसं. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी निवृत्त बॉक्सर्सचे १५ मेंदू तपासले, तेव्हा आतली हानी उघड दिसली.

तरीही मार खाऊन डोकं 'पक्कं' होतं, हा समज कितीतरी जिममध्ये टिकून राहिला. पोटावर मेडिसिन बॉल (जड चेंडू) आपटून स्नायू कणखर होतात, मग जबडा का नाही, असा त्यामागचा हिशेब. हेवीवेट विजेता जॅक डेम्प्सी चेहऱ्याची कातडी राठ व्हावी म्हणून मिठाचं पाणी लावत असे. कातडी राठ होतही असेल. पण हनुवटीवर ठोसा बसला की डोकं गर्रकन फिरतं आणि कवटीतला मेंदू त्याच्याबरोबर हिसका खातो, त्याला ना मिठाचा उपयोग ना सवयीचा. मान मजबूत करता येते, ठोसा येताना पाहायला शिकता येतं. बाकी 'पक्का जबडा' ही बहुतेकदा त्या माणसाने अजून न चुकवलेली किंमत असते.

काही समजांची मुळं मात्र जिमच्या बाहेर होती. गोऱ्या अमेरिकेने ठरवून टाकलं होतं की काळ्या बॉक्सरचं डोकं कठीण असतं, पण पोट कच्चं. आणि लढत लांबली की त्याची हिंमत खचते. सलिव्हनने तर काळ्यांशी लढायलाच नकार दिला होता. त्यामुळे हा समज खोटा ठरवायची संधीच कुणाला मिळत नसे. १९०८ मध्ये सिडनीत काळ्या जॅक जॉन्सनने गोऱ्या टॉमी बर्न्सला हरवून हेवीवेट अजिंक्यपद घेतलं, तेव्हा त्याला उतारा म्हणून निवृत्त गोरा विजेता जिम जेफ्रीज याला परत आणलं गेलं. ४ जुलै १९१०, नेवाडातलं रेनो, लढत ४५ फेऱ्यांची ठरलेली. १५व्या फेरीत जेफ्रीज संपला. त्या रात्री अनेक शहरांत काळ्या माणसांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले. १९१२ मध्ये तर लढतींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर कायद्याने बंदी आली.

आपल्याकडेही 'त्यांच्या रक्तातच आहे' हे वाक्य सहज निघतं. बीजिंग २००८ च्या ऑलिम्पिकला गेलेल्या भारताच्या पाच बॉक्सर्सपैकी चार एकट्या भिवानीचे होते. रक्ताने हे घडलं असतं, तर आख्खं हरियाणा त्यात दिसलं असतं. १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकलेल्या हवासिंग यांनी त्या एका गावात पोरं घडवली, सरावाची सोय उभी राहिली, आणि समोर सैन्याच्या, रेल्वेच्या नोकऱ्या दिसत होत्या.

वजनं उचलली की बॉक्सर मंद होतो, हाही असाच जुना पाठ. तो १९८५ मध्ये मायकेल स्पिंक्सने लॅरी होम्सला आणि १९९० मध्ये इव्हँडर होलीफिल्डने बस्टर डग्लसला हरवून मोडला. दोघंही वजनं उचलूनच वरच्या वजनगटात आले होते.

घाम गाळला की चरबी उतरते हा समज मात्र अजून सुटलेला नाही. २०१८ मध्ये पोलंडमध्ये मेरी कोम पहाटे साडेतीनला पोचली, सकाळी साडेसातला वजन द्यायचं होतं आणि ती सुमारे दोन किलोंनी जास्त होती. तासभर सलग दोरीवरच्या उड्या मारून ती ४८ किलोंत बसली आणि सुवर्णही जिंकली. बातमी वाचून अनेकांना वाटलं की दोन किलो वजन 'जळलं'. गेलं ते जवळजवळ सगळं पाणी होतं. तिच्यासारख्या अनुभवी खेळाडूला जमलेली ती कसरत गावच्या पंधरा वर्षांच्या पोराने करू नये.

बाईने रिंगमध्ये उतरू नये यासाठी तर वैद्यकीय भाषा वापरली गेली. ब्रिटनमध्ये जेन काउचला परवाना नाकारताना नियामक मंडळाने मासिक पाळीआधीच्या मनःस्थितीचं कारण पुढे केलं. १९९८ मध्ये ती खटला जिंकली. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना प्रवेश मिळायला २०१२ उजाडलं. त्याआधीच, २००७ मध्ये जुळ्या मुलांना जन्म दिलेली मेरी कोम २००८ मध्ये पुन्हा जगज्जेती झाली होती.

आता आईवडील ज्याबद्दल हमखास विचारतात त्या दुसऱ्या गोष्टीकडे, हेडगार्डकडे, म्हणजे डोक्यावर बांधायच्या गादीदार टोपीकडे. १९८४ च्या ऑलिम्पिकपासून हौशी बॉक्सिंगमध्ये ते आलं. २०१३ मध्ये पुरुषांच्या वरिष्ठ लढतींतून काढलं गेलं, कारण त्याने मेंदूचा हादरा कमी होतो असं दिसलं नाही, असं आंतरराष्ट्रीय महासंघाचं म्हणणं होतं. कातडी फाटणं आणि जखमा मात्र त्याने नक्की टळतात. स्त्रियांच्या डोक्यावर ते राहिलं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली एकाच रिंगमध्ये पुरुष उघड्या डोक्याने लढले आणि निखत झरीन, लवलीना बोर्गोहेन हेडगार्ड बांधून.