हुशार तेवढे गोवा सोडतात?

पेडणे-डिचोलीत कुठेही बसा, हे कानावर पडतंच: हुशार पोरं बोटीवर, आखातात नाहीतर लंडनला गेली, ज्यांना काही जमलं नाही ती इथे उरली. हे चूक आहे, आणि राहिलेल्यांवर अन्याय करणारंही.

अर्थतज्ज्ञ रॉय यांनी १९५१ मध्ये शिकार आणि मासेमारीचं उदाहरण घेऊन दाखवलं, की आपल्या कसबाला जिथे जास्त मोल तिथे माणूस वळतो. जॉर्ज बोर्हास यांनी १९८७ मध्ये हेच स्थलांतराला लावलं. परदेशात कसबी आणि साध्या कामगाराच्या पगारात इथल्यापेक्षा कमी तफावत असेल, तर कमी कसबाचेच जास्त जातात. तफावत मोठी असेल तर उलट.

क्रूझवर केबिन आवरणारा थोरला भाऊ आणि म्हापशात गॅरेज चालवणारा धाकटा, असं समजा. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा कान, वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं, याला केबिनच्या कामात किंमत नाही. तिथे लागतं इंग्रजी, आणि महिनोन्‌महिने घराबाहेर काढायची तयारी. त्यामुळे थोरल्याच्या डॉलरकडे बोट दाखवून धाकट्याला ‘तूही गेला असतास तर एवढे कमावले असतेस’ असं सुनावता येत नाही. थोरल्याच्या पगारावरून धाकट्याला तिथे किती मिळालं असतं, हे कळतच नाही.