तहसीलचा रहिवासी दाखला परदेशी करासाठी चालत नाही

जळगाव-धुळ्याकडे घरबसल्या परदेशी कंपन्यांची कामं करणाऱ्या पोरांमध्ये एक समज पक्का बसलाय: तहसीलचा रहिवासी दाखला आणि पॅन कार्ड पाठवलं, की भारत आणि त्या देशातल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार तिकडचा कर कमी कापतात. असं होत नाही. त्या वर्षी तुम्ही आयकर कायद्यानुसार भारताचे निवासी होतात, हे सिद्ध करावं लागतं. भुसावळला पिढ्यान् पिढ्यांचं घर असणं हा त्याचा पुरावा नव्हे. करासाठी निवासी असल्याचा दाखला (टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट) आयकर अधिकारीच देतो. १९६२ च्या आयकर नियमांत अर्जाचा नमुना १०एफए, दाखल्याचा १०एफबी. कुठल्या काळासाठी हवा, ते अर्जात नीट लिहा. दाखला तेवढ्याच काळापुरता असतो. बिल पाठवण्याआधीच अर्ज करा, कारण एकदा कापलेला कर परत मिळवणं फार जिकिरीचं असतं.