बर्फ नाही, वादळ नाही, मग शाळेला सुट्टी कशाची?

दर जानेवारीत हे होतंच. शिकागो, टोरांटो नाहीतर मिनिआपोलिसला राहणाऱ्या कुठल्यातरी भाच्याचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर येतो, बाहेर लख्ख ऊन, रस्ता साफ, आणि पोरं घरात, कारण शाळा बंद. की लगेच इकडून काका-मामा सुरू, "एवढ्यावरून सुट्टी? बर्फ तर पडतच नाहीये!" मग कोणीतरी वेदर ॲपचा स्क्रीनशॉट टाकतं, तापमान मायनस २०, फील्स लाइक मायनस ३३, आणि ह्यातलं खरं कोणतं यावर वाद. तर दोन्ही खरे आहेत, फक्त दोन वेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत, आणि शाळा बंद करायचा निर्णय बरेचदा दुसऱ्या आकड्यावर होतो.

सुट्टीमागचा विचार आपल्याला नवा नाही खरं तर. जुलैत रेड अलर्ट आला की मुंबईत शाळा बंद ठेवतात ते काय वर्गात पाणी शिरेल म्हणून फक्त नाही, पोरगं घरी पोचेल का ही भीती असते, २६ जुलै २००५ ला किती मुलं रात्रभर शाळेतच अडकली होती ते आठवतंय ना. तिकडेही वर्गात हीटर असतो, धोका असतो बस स्टॉपवर. त्यात फार थंडीत डिझेलमधलं मेण गोठायला लागतं, बॅटरी दम सोडते, बस उशिरा येते किंवा येतच नाही, आणि मूल अंधारात वाऱ्यात उभं. ६ जानेवारी २०१४ ला मिनेसोटाच्या गव्हर्नरनी राज्यभरातल्या सरकारी शाळा बंद ठेवल्या त्या निव्वळ थंडी आणि वाऱ्यामुळे. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा मायनस ३० च्या आसपास गेला तेव्हाही शाळा बंद होत्या.

ह्या धास्तीला इतिहास आहे. १२ जानेवारी १८८८, अमेरिकेतलं नेब्रास्का, डाकोटा, मिनेसोटा. सकाळ चक्क उबदार होती, बरीच मुलं जाड कोट न घालताच शाळेत गेली, आणि कित्येक ठिकाणी नेमकी शाळा सुटायच्या सुमाराला हिमवादळ आलं, तापमान धाडकन खाली. साधारण २३५ माणसं गेली असं मानतात, त्यात शाळेतून घरी निघालेली मुलं बरीच होती.

आता वाऱ्याकडे येऊ, कारण सगळी मजा तिथे आहे. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३३ अंश असतं. तिला लागून हवेचा एक पातळ थर असतो, काही मिलिमीटरचा, कातडी तो थर तापवते आणि तो तिथेच चिकटून राहतो. हवा ही उष्णतेची अतिशय मठ्ठ वाहक आहे, त्यामुळे हा थर फुकटात मिळालेल्या स्वेटरसारखा वागतो. वारा आला की तो थर पातळ होतो, खरवडून निघतो म्हणा ना, कातडी परत नवा थर तापवते, वारा तोही नेतो, असं चालूच. वारा हवा थंड करत नाही हे महत्त्वाचं. मेमध्ये सीलिंग फॅन फुल केला तरी खोलीतला थर्मामीटर खाली येत नाही, पण आपल्याला बरं वाटतं, ते ह्याच कारणाने (घाम उडतो तो फायदा वेगळा). आणि हवा कातडीपेक्षा गरम असेल तर वारा उलटा, म्हणजे नागपूरच्या ४५ अंशातली लू तोच थर पुसते आणि उष्णता आत ढकलते.

म्हणून मायनस २० च्या हवेत कितीही वारा असो, लोखंडी रेलिंग, पाण्याचा पाइप, पार्क केलेली गाडी, कोणीही मायनस २० च्या खाली जाणार नाही. फक्त तिथे लवकर पोचतील. मायनस ३३ चा (ह्या फील्स लाइक आकड्यालाच विंड चिल म्हणतात) अर्थ एवढाच की उघड्या चेहऱ्यातून उष्णता ज्या वेगाने जाते तो वेग वारा नसताना मायनस ३३ मध्ये जाईल तेवढा आहे.

हा हिशोब पहिल्यांदा मांडला पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल ह्या दोघांनी. सायपल १९२८ मध्ये स्काउट म्हणून निवडला जाऊन अंटार्क्टिकाला गेला होता, पुढे शास्त्रज्ञ झाला. दोघांनी अंटार्क्टिकात तळावरच्या छपरावर पाण्याची प्लॅस्टिकची बाटली टांगली आणि पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं, १९४५ मध्ये ते छापून आलं. अडचण अशी की बाटलीत रक्त फिरत नाही, आणि वारा उंचावरचा धरला होता, चेहऱ्याच्या उंचीवर तो कमी असतो, म्हणून जुने आकडे फारच भयंकर यायचे. २००१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेने नवीन सूत्र आणलं, त्यासाठी टोरांटोत १२ स्वयंसेवकांना थंडगार विंड टनेलमध्ये ट्रेडमिलवर चालवून चेहऱ्याचं तापमान मोजलं. त्या सूत्रात वाऱ्याचा वेग ०.१६ ह्या घातांकाने येतो, म्हणजे वेग दुप्पट केला तर तो घटक फक्त १२ टक्क्यांनी वाढतो. मायनस २० ला ताशी १० किमीचा वारा धरला तर मायनस २७, ३० किमीला मायनस ३३, आणि ६० किमीला फक्त मायनस ३६. पहिल्या १० किमीने ७ अंश खाल्ले, शेवटच्या ३० ने जेमतेम ३! कारण थर आधीच इतका पातळ झालेला असतो की आणखी खरवडायला फारसं उरत नाही, मग उष्णता किती जाते ते कातडीच्या आतून रक्त किती आणून देतंय ह्यावर अडकतं. म्हणजे "हलकीच झुळूक आहे, चालेल" हा अंदाज थंडीत अगदी चुकतो.

कॅनडाच्या हवामान खात्याच्या तक्त्यात हा आकडा मायनस २८ ते मायनस ३९ असेल तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, मायनस ४० ते मायनस ४७ असेल तर ५ ते १० मिनिटांत. बस २० मिनिटं लेट झाली की काय होईल ते दिसतंय.

आणि ऑफिस चालू असताना शाळाच का बंद, तर भूमिती. आकार तोच ठेवून उंची अर्धी केली तर कातडीचं क्षेत्रफळ चौथ्या भागावर येतं पण वजन आठव्या भागावर, म्हणजे दर किलोमागे कातडी दुप्पट. लहान मुलाच्या अंगात उष्णतेचा साठा कमी आणि ती बाहेर जायची जागा जास्त. शिवाय मूल ग्लोव्ह हरवणार, टोपी काढणार.

आता आपल्याकडे. मुंबईत पारा १४-१५ झाला की बोरिवली ते कर्जत सगळे कपाटातून स्वेटर बाहेर काढतात, काढावेतच, त्यात काही चूक नाही. हवामान खात्याचा निकषही किनाऱ्यासाठी वेगळा आहे, किमान तापमान १५ किंवा कमी आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी खाली गेलं तर थंडीची लाट म्हणता येते. पण "मुंबईत विंड चिलमुळे ५ अंशांचा फील" असे जे फॉरवर्ड फिरतात ते साफ थापा आहेत. ते सूत्र १० अंशांच्या वर लागूच होत नाही. सांताक्रूझचा विक्रम २२ जानेवारी १९६२ चा, ७.४ अंश. त्या पहाटे १५ किमीचा वारा धरला तरी उत्तर येतं जेमतेम ५.

गुलमर्ग-मनालीला मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी मात्र हे सगळं कामाचं आहे. एका जाड जॅकेटपेक्षा दोन-तीन सैल कपडे बरे, मध्ये हवा अडकते, आजीची गोधडी ह्याच तत्त्वावर चालते. सगळ्यात वर वारा न शिरणारं काहीतरी, नाहीतर लोकरीतली हवा निघून जाते. ओले मोजे लगेच बदला, पाणी हवेच्या वीस पटींहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. नाक, कान, बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळू नका, बर्फाने तर अजिबातच नाही, आत आणून कोमट पाण्यात धरा.

आणि ती ब्रँडी. बाळाला सर्दी झाली की छातीला चोळा, चमचाभर पाजा, हे अजूनही घरोघरी सांगतात. थंडीत शरीर हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून आतली ऊब वाचवतं, दारू नेमक्या त्याच वाहिन्या सैल करते, कातडी गरम लागते आणि आतली उष्णता बाहेर जाते. शिवाय लहान मुलांची रक्तातली साखर दारूने धोकादायक खाली येऊ शकते. चमचाभरसुद्धा नको.

ह्याहून वाईट म्हणजे बंद खोलीत कोळशाची शेगडी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि ते हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतं, डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. शेगडी झोपायच्या आधी खोलीच्या बाहेर, हॉटेलवाला काहीही म्हणो. बर्फात अडकलेल्या गाडीत हीटरसाठी इंजिन चालू ठेवणार असाल तर आधी खाली उतरून सायलेन्सरच्या नळीपुढचा बर्फ काढा, नाहीतर तोच वायू गाडीच्या आत येतो.