फ्लेक्सला काप दिल्याने तो सुरक्षित होत नाही

बाजारपेठेत फ्लेक्स लावणारी पोरं शिडीवर उभी राहून कटरने त्यात अर्धगोल काप देतात. "वारा पास होतो," असं दुकानदारही छातीठोकपणे सांगतात. वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे.

हिशोब करून पाहा. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स म्हणजे २०० चौरस फूट. त्यात ६ इंच व्यासाचे १२ अर्धगोल काप दिले, तर जेमतेम सव्वा चौरस फूट जागा मोकळी होते, तीही सगळ्या झडपा पूर्ण उघडल्या तरच. एक टक्कासुद्धा नाही! ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात असा फलक सुमारे एक टनाचा रेटा झेलतो. कापांमुळे त्यातले फार तर काही किलो कमी होतील. उलट, फ्लेक्स फाटायला लागतो तो नेमका कापाच्या टोकापासून. वारा खरंच आरपार जायला हवा असेल तर जाळीचं कापड मिळतं, ते वापरावं.

फलक उभा राहतो तो सांगाड्याच्या आणि पायाच्या जोरावर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, आणि क्षेत्रफळ वाढेल तसा तो वाढतच जातो. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर कोसळलेला फलक १२० बाय १२० फुटांचा होता. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. म्हणजे नऊपट क्षेत्रफळ. १७ माणसं गेली.

तुमच्या गच्चीवर कोणी फलक लावायला आलं, तर कापांचं विचारू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला मागा.