छोट्या गाडीची ताकद: इंजिन बदलावे की टर्बो बसवावा?

छोट्या मोटारीची ताकद वाढवायचे ठरले की चर्चेत लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आहे त्या इंजिनाला टर्बोचार्जर, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबून भरणारे यंत्र, बसवा. दुसरा म्हणतो, हे इंजिनच उतरवून त्या जागी मोठे किंवा अधिक सरस इंजिन चढवा. दोघेही अश्वशक्तीचे आकडे पुढे करतात आणि तिथेच वाद भरकटतो, कारण हवा तो आकडा बहुधा दोन्ही मार्गांनी गाठता येतो. खरा फरक निराळाच आहे: त्या आकड्याचा भार गाडीतील कोणत्या भागावर पडणार आणि तो सोसण्याची शिल्लक त्या भागात आहे का, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

पेट्रोल इंजिनात इंधनाची टंचाई सहसा नसते. इंधन फवारणारे इंजेक्टर मोठे केले की पेट्रोल हवे तेवढे सोडता येते. टंचाई असते ती हवेची. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि टर्बो नसलेल्या साध्या इंजिनात ती हवा सिलिंडरमध्ये ढकलायला वातावरणाच्या दाबाखेरीज दुसरे काहीही नसते. हिशेब करून पाहू. १६०० सीसीचे चार स्ट्रोकचे इंजिन दर फेऱ्याला आपल्या आकारमानाच्या निम्मी, म्हणजे ०.८ लिटर हवा घेते. मिनिटाला ६००० फेरे होत असतील तर सेकंदाला ८० लिटर. पण फिल्टर, झडपा आणि नळ्यांची वळणे यांच्या अडथळ्यामुळे सिलिंडर पुरते भरत नाहीत, म्हणून ९० टक्के धरू. या ७२ लिटर हवेचे वजन सुमारे ८६ ग्रॅम भरते आणि तिच्यात जवळपास ६ ग्रॅम पेट्रोल जळू शकते. एका ग्रॅम पेट्रोलमधून सुमारे ४४ किलोज्यूल ऊर्जा मिळते, म्हणजे सेकंदाला साधारण २६० किलोज्यूल. त्यातले ३० टक्के क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यापर्यंत, पोहोचते असे धरले, तर हाती राहतात ७८ किलोवॉट, म्हणजेच १०५ अश्वशक्ती. साध्या १६०० सीसी गाडीच्या माहितीपुस्तिकेत याच्या आसपासचाच आकडा छापलेला असतो.

या हिशेबात हात घालण्याजोग्या मोठ्या जागा तीनच आहेत: इंजिनाचे आकारमान, मिनिटाला होणारे फेरे आणि हवेची घनता. इंजिन बदलणारा पहिल्या दोन वाढवतो. १६०० ऐवजी २००० सीसी आणि ६००० ऐवजी ७५०० फेरे घेतले, तर बाकी सगळे तसेच ठेवून १०५ चे १६४ होतात. टर्बो बसवणारा आकारमान आणि फेरे यांना हात न लावता त्याच सिलिंडरमध्ये दाट हवा कोंबतो.

टर्बोमागची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युकी याची. त्याचे पेटंट १९०५ सालचे आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत इंधनाची जवळपास एक तृतीयांश ऊर्जा वाया जाते. ती वाट अडवून तिथे एक चक्र (टर्बाइन) बसवायचे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे दुसरे चक्र (कॉम्प्रेसर) बसवायचे, एवढीच ही युक्ती. प्रत्यक्षात तो दांडा मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेतो, एका टोकाला ९०० अंश सेल्सियसच्या पलीकडचा वायू सोसतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. इंजिनाचे तेल वेळेवर न बदलणाऱ्याने टर्बोच्या वाटेला जाऊच नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

हवा दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी गरम होते ती याचमुळे. बाहेरची हवा २७ अंशांची आहे आणि टर्बो तिच्यावर वातावरणापेक्षा अर्धा बार अधिक दाब देतो (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब), असे धरू. दाब दीडपट झाला म्हणून हवाही दीडपट मिळेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून बाहेर पडेपर्यंत तिचे तापमान सुमारे ८० अंशांवर गेलेले असते, आणि गरम हवा फुगत असल्याने प्रत्यक्ष वाढ २७ टक्क्यांवरच अडकते. हीच हवा इंटरकूलर या हवा निववणाऱ्या जाळीतून नेऊन ४५ अंशांपर्यंत थंड केली, तर वाढ ४१ टक्क्यांवर जाते. पुढच्या बंपरमागे बसवलेली ती जाळी शोभेची नाही, हे या दोन आकड्यांतून कळते. तरीही ४१ टक्के हवेतून ४१ टक्के ताकद मिळत नाही, कारण टर्बाइन वायूची वाट अडवत असल्याने इंजिनाला तो बाहेर ढकलायला जास्त काम पडते. १०५ चे १४० झाले तर समाधान मानावे.

हवा थंड ठेवण्याचे दुसरे कारण त्याहून गंभीर आहे. स्पार्क प्लगने पेटवलेली ज्योत सिलिंडरभर पसरत जाते तेव्हा कडेला अजून न जळलेले मिश्रण दाबले जाऊन तापत असते. ज्योत तिथे पोहोचण्याआधीच ते आपोआप पेटले, तर दाबाची तीव्र लाट उसळते आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा टणटण आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. त्यात पिस्टनच्या रिंगांमधले पातळ कंगोरे तुटतात, सिलिंडरांवरच्या झाकणाखालचे (हेडखालचे) गॅस्केट फुटते आणि प्रकरण वाढले तर पिस्टनला भोक पडते. साध्या इंजिनात मुळातच हवा कमी येत असल्यामुळे तिचा पुरेपूर वापर व्हावा म्हणून संपीडन गुणोत्तर, म्हणजे पिस्टन आतले मिश्रण किती पट दाबतो तो आकडा, १० किंवा ११ पर्यंत चढवलेले असते. अशा इंजिनात आधीच दाबलेली हवा सोडली की नॉकिंगची सीमारेषा पटकन ओलांडली जाते. म्हणूनच जुनी टर्बो इंजिने मुद्दाम कमी गुणोत्तराची बांधली जात.

या अडचणीची चव मोटार उद्योगाने फार पूर्वी घेतलेली आहे. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो बसवलेली मोटार बाजारात आली. तिच्या साडेतीन लिटरच्या व्ही-८ इंजिनाचे गुणोत्तर १०.२५ इतके चढे ठेवले होते आणि नॉकिंग टाळण्यासाठी वेगळ्या टाकीतून पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण हवेत फवारले जाई. ते बाष्प होताना हवा थंड होई. कल्पना अस्सल होती; पण टाकी पुन्हा भरायला कित्येक मालक विसरत, टाकी रिकामी झाली की बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, आपोआप मर्यादित होई आणि मग गाडीत दम नसल्याच्या तक्रारी येत. दोनच वर्षांत ते मॉडेल बंद झाले. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला साब या स्वीडिश मोटार कंपनीने नॉकिंग ऐकणारा सेन्सर बसवून त्यानुसार बूस्ट कमी-अधिक करण्याची पद्धत आणली, आणि आता पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने तेच बाष्प होऊन आतली हवा थंड करते. फोर्डच्या २०१२ सालच्या एक लिटरच्या तीन सिलिंडरी टर्बो इंजिनाला १० चे गुणोत्तर झेपले ते या सगळ्यामुळे. घरच्या गाडीला बाहेरून टर्बो लावताना यातले फार थोडे आपल्या हाती असते. बूस्ट कमी ठेवणे, ठिणगी थोडी उशिरा पाडणे आणि जास्त ऑक्टेनचे, म्हणजे सहजी नॉकिंग न होऊ देणारे, पेट्रोल भरणे, एवढेच उपाय उरतात. ठिणगी उशिरा पाडली की कमावलेल्या ताकदीतला काही हिस्सा परत जातो.

आता बळांकडे पाहू, कारण इथे दोन्ही मार्गांचा स्वभाव उघड होतो. ८० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर ज्वलनाचा सर्वोच्च दाब ६५ बार धरला, तर पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर सव्वातीन टनांहून अधिक भार येतो. हवा ४० टक्क्यांनी वाढली की हा भार साडेचार टनांकडे सरकतो. हे बळ रॉडला दाबणारे, वाकवणारे असते आणि कमी फेऱ्यांवर भरपूर बूस्ट दिला की ते सर्वाधिक छळते. याउलट फेरे वाढवले की पिस्टनच्या स्वतःच्या जडत्वाचे बळ वाढते, तेही फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. ६००० फेऱ्यांवर पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून उलटा फिरतो तेव्हाचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या दोन हजार पटींहून जास्त असते. ७५०० वर ते आणखी ५६ टक्क्यांनी चढते. हे बळ रॉड ओढून तोडू पाहणारे असते. इंजिन बदलणाऱ्याला याची चिंता कमी, कारण ७५०० फेऱ्यांसाठी बांधलेल्या इंजिनात रॉड, बोल्ट आणि झडपांच्या स्प्रिंगा त्या हिशेबाने घडवलेल्या असतात. टर्बो बसवणारा मात्र मूळ अभियंत्यांनी सुरक्षिततेसाठी राखून ठेवलेली शिल्लक खर्च करत असतो, आणि ती किती आहे हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते.

टर्बोसोबत आणखीही बरेच काही बदलावे लागते. मूळ दाबमापक सेन्सर बहुधा वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो. त्यापुढे ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, आंधळा होतो. वाढलेल्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल पोहोचले नाही तर मिश्रण पातळ होते, ज्वलन तापते आणि नॉकिंगला आयते निमंत्रण मिळते. त्यामुळे मोठे इंजेक्टर, दमदार पंप आणि ईसीयूची नव्याने केलेली मांडणी यांना पर्याय नाही. रेडिएटरवरचा भारही ताकदीबरोबर वाढतो.

इंजिन बदलण्यातल्या अडचणी वेगळ्या जातीच्या आहेत. इंजिनाच्या आत सगळे एकमेकांशी जुळलेले असते. न जुळणाऱ्या गोष्टी असतात त्या बाहेर. होंडाच्या १९९०च्या दशकातील सिव्हिकचे उदाहरण बोलके आहे. तिच्यात बी-मालिकेचे इंजिन बसवणे तुलनेने सोपे, कारण त्याच सांगाड्याच्या काही गाड्या कारखान्यातूनच ते इंजिन घेऊन निघत. १९८९ साली आलेले बी१६ए तर १६०० सीसीमध्ये, टर्बोशिवाय, १६० अश्वशक्ती देत असे. नंतरची के-मालिका अधिक सरस, पण तिचा क्रँकशाफ्ट उलट दिशेने फिरतो आणि एग्झॉस्टचे तोंड पुढे नसून मागे, इंजिन आणि प्रवाशांची जागा यांच्यामधल्या भिंतीकडे आहे. परिणामी माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे आधार), गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, एग्झॉस्टची नळी आणि वायरिंग हे सगळे नव्याने जुळवावे लागते. अलीकडच्या गाड्यांत तर यांत्रिक जुळणीपेक्षा इलेक्ट्रॉनिक जुळणी अवघड ठरते. किल्ली ओळखणारा इमोबिलायझर, ब्रेक दाबताना चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आणि मीटर एकाच डेटा जाळ्यावर बोलत असतात, आणि ओळखीचा ईसीयू दिसला नाही तर गाडी सुरूच होत नाही. पुढच्या चाकांवर वाढणारे वजन हाही मुद्दा आहेच. लोखंडी ब्लॉकचे जड इंजिन आले की वळणावर गाडीचे नाक बाहेर जाऊ लागते. बहुतेक देशांत नोंदणी, उत्सर्जन आणि विमा यांचे नियम दोन्ही बदलांना लागू होतात. ते काम सुरू करण्याआधीच पाहून घ्यावेत.

गिअरबॉक्सकडे मात्र दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष होते. गिअरच्या दातांना ताकदीशी देणेघेणे नसते. त्यांच्यावर येतो तो टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर. साधे इंजिन दर लिटरला साधारण ९० ते १०० न्यूटन मीटर टॉर्क देते, म्हणून आपल्या १६०० सीसी इंजिनाचा टॉर्क १५० च्या आसपास असतो. टर्बोनंतर तो २१० होईल, आणि तोही मधल्या फेऱ्यांवर, जिथे गाडी दिवसभर चालते. ७५०० फेऱ्यांचे २००० सीसीचे इंजिन अश्वशक्ती जास्त देऊनही १९० ते २०० च्या घरात राहते. म्हणजे कमी अश्वशक्तीचा टर्बो गिअरबॉक्सला अधिक जड जाऊ शकतो. क्लच घसरू लागणे ही त्याची पहिली खूण, आणि पुढची चाके चालवणाऱ्या गाडीत जोरात निघताना स्टीअरिंग एका बाजूला ओढले जाणे ही दुसरी. रोजच्या वाहतुकीत मात्र हाच मधला टॉर्क सुखाचा वाटतो. गिअर न उतरवता गाडी पुढे निघते. वरच्या फेऱ्यांवरच रंगात येणारे इंजिन मोकळ्या रस्त्यावर मजा देते आणि गर्दीत चालकाला कंटाळा आणते. बूस्ट येईपर्यंतचा विलंब खटकणाऱ्यांनी छोटा टर्बो निवडावा. त्याचे चक्र हलके असल्याने ते लवकर फिरू लागते, पण वरच्या फेऱ्यांवर त्याचा दम लवकर संपतो.

माझा कौल विचाराल तर वाढ तिसऱ्या हिश्शाच्या आत हवी असेल, इंजिन निरोगी असेल आणि त्याचे संपीडन गुणोत्तर फार चढे नसेल, तर कमी बूस्टचा टर्बो शहाणपणाचा. त्याहून मोठी उडी हवी असेल किंवा इंजिन दमलेले असेल, तर इंजिन बदलणेच बरे. दमलेल्या इंजिनावर टर्बो चढवणे म्हणजे तेच इंजिन दोनदा विकत घेणे. मला सर्वात पसंत पडतो तो तिसरा मार्ग. त्याच मॉडेलच्या टर्बो आवृत्तीचे इंजिन कारखान्याने कधी विकले असेल, तर ते गिअरबॉक्स, ईसीयू, रेडिएटर आणि ब्रेकसकट एकत्रच घ्यावे. कमी गुणोत्तराचे पिस्टन, मजबूत रॉड, पिस्टनखाली तेल फवारणाऱ्या नळ्या हे सारे त्यात मुळातच असते आणि माउंटिंगही बहुधा जुळते.

निवड करण्याआधीची पहिली चाचणी मात्र साधी आहे. इंजिन गरम करून सगळे स्पार्क प्लग काढायचे, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने इंजिन फिरवायचे आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर पाहायचा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक मागे असेल, तर त्यात प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर दोष झडपांत किंवा हेड गॅस्केटमध्ये आहे. झडपा आणि गॅस्केट हेड उतरवून दुरुस्त करता येतात, आणि मग टर्बोचा विचार पुन्हा करता येतो. रिंगा गेलेल्या असतील तर पिस्टन बाहेर काढून पूर्ण इंजिन खोलावे लागते, आणि त्या खर्चात दुसऱ्या इंजिनाची चौकशी सुरू करणे अधिक योग्य.