टीडीएस कमी म्हणजे पाणी निर्जंतुक नव्हे: यूव्ही आणि आरओ

घरी पिण्याचे पाणी शुद्ध करायला यूव्ही यंत्र घ्यावे की आरओ, हा नेहमीचा प्रश्न. यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांच्या यंत्राविषयी फार सांगण्याची गरज नाही. गाळलेल्या, नितळ पाण्यावर अतिनील किरण पडतात, जंतूंच्या डीएनएला इजा होऊन त्यांची वाढ थांबते आणि पाण्यातले क्षार होते तसेच राहतात.

आरओचे (रिव्हर्स ऑस्मोसिस) काम निराळे आहे. एरवी अर्धपार्य पटलातून, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून जास्त क्षारांच्या बाजूकडे जाते. आरओमध्ये पंपाच्या दाबाने ते उलट दिशेने ढकलले जाते, त्यामुळे विरघळलेले बहुतेक क्षार अलीकडेच अडतात आणि सांडपाण्याबरोबर वाहून जातात. जंतूही अडतात हे खरे. पण केवळ त्यांच्यासाठी लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडणे मला मुळीच पटत नाही.

खरा घोटाळा टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या प्रमाणाचा आहे. विक्रेता पेल्यात मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि घरातली माणसे घाबरतात. तो मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतूंविषयी तो काहीही सांगत नाही. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. असा जीवाणू पाण्यात असला तरी मीटरचा आकडा हलत नाही. पाण्यात सळ्या बुडवून वीज सोडण्याचा प्रयोग तर सरळ दिशाभूल आहे: नळाचे पाणी तपकिरी होते ते सळीच्या लोखंडामुळे, आणि आरओचे पाणी स्वच्छ दिसते ते क्षारांअभावी त्यातून वीज फारशी वाहत नाही म्हणून. हा प्रयोग दाखवणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नये.

आयएस 10500 या भारतीय मानकानुसार टीडीएस लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतो. खडकवासल्याहून येणारे पाणी 500 च्या बरेच खाली असते. म्हणून पेठांत किंवा कोथरूडला महापालिकेचेच पाणी येत असेल, तर यूव्ही घ्यावे आणि टाकी वेळेवर धुवावी. वाघोली, उंड्रीकडे ज्या सोसायट्या बोअरवर किंवा टँकरवर अवलंबून आहेत, तेथे पाणी जड असल्यास आरओ योग्यच. मात्र नायट्रेट किंवा फ्लोराइड आहे का, हेही मीटर सांगत नसल्याने आधी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यावे.