व्यस्तनीय आव्यूह आणि रेषीय रूपांतरण

ज्या चौरस आव्यूहाने (ओळी आणि स्तंभ सारखेच असलेल्या संख्यांच्या मांडणीने) घडवलेला बदल दुसऱ्या आव्यूहाने पूर्णपणे मागे फिरवता येतो, त्याला व्यस्तनीय आव्यूह म्हणतात. क या आव्यूहासाठी ख असा आव्यूह सापडला, की कख आणि खक हे दोन्ही गुणाकार (म्हणजे एकापाठोपाठ एक केलेले बदल) एकक आव्यूह येतात (मुख्य कर्णावर सगळे १, इतरत्र ०; तो काहीच बदलत नाही), तर ख हा क चा व्यस्त. असा व्यस्त असलाच तर एकच असतो. ख आणि ग हे दोघेही व्यस्त आहेत असे समजा. मग खकग हा गुणाकार एका बाजूने सोडवला तर ग येतो, दुसऱ्या बाजूने ख. म्हणून दोन्ही एकच.

‘व्यस्त’ हा शब्द आपल्या गणितात जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) व्यस्तविधी नावाचे प्रकरणच आहे: उत्तर हाती घेऊन उलट निघायचे, गुणले होते तेथे भागायचे, मिळवले होते तेथे वजा करायचे आणि मूळ राशी गाठायची. ‘आव्यूह’ शब्दातला व्यूह मात्र रणांगणावरचा. चक्रव्यूहात शिरणे अभिमन्यूला येत होते, बाहेर पडणे नाही. पण बाहेर पडण्याची वाट होती, अर्जुनाला ती ठाऊक होती. व्यस्त असणे वेगळे आणि तो हाती येणे वेगळे, हा फरक या विषयात पुढे फार महागात पडतो.

आव्यूह म्हणजे संख्यांचा नुसता चौकोन. त्याला अर्थ येतो तो रेषीय रूपांतरणामुळे. एका सदिशाला (संख्यांच्या क्रमवार यादीला, जसे प्रतलातला (३, ५) हा बिंदू) दुसऱ्या सदिशाकडे नेणारा नियम जर बेरीज आणि पट जपत असेल, म्हणजे दोन सदिशांच्या बेरजेचे चित्र हे त्यांच्या चित्रांची बेरीज असेल आणि तिप्पट सदिशाचे चित्र तिप्पट होत असेल, तर तो नियम रेषीय. अशा नियमाची माहिती थोडक्यात साठवता येते. प्रतलात आधाराचे दोन सदिश (ज्यांच्या पटींच्या बेरजेतून बाकी सगळे बनतात, जसे (१, ०) आणि (०, १)) कुठे जातात एवढे सांगितले की बाकी प्रत्येक बिंदूचे भवितव्य ठरले. त्या दोन चित्रांना आव्यूहाचे स्तंभ म्हणून शेजारी-शेजारी मांडायचे, बस्स. आधार बदलला की त्याच रूपांतरणाचा आव्यूह बदलतो, पण व्यस्तनीयता बदलत नाही. ती रूपांतरणाची मालमत्ता आहे, लेखनाची नव्हे.

प्रतल ९० अंशांनी डावीकडे फिरवले तर तेवढेच उजवीकडे फिरवून परत येता येते. आरशातले प्रतिबिंब तर स्वतःच स्वतःचा व्यस्त आहे. पत्त्यांची गड्डी एका बाजूला सरकवावी तसे प्रतल तिरके केले, तरी ते पुन्हा सरळ करता येते. परंतु प्रत्येक बिंदूची सावली आडव्या अक्षावर पाडली, तर (३, ५) आणि (३, ८) हे दोन्ही बिंदू (३, ०) वर येऊन बसतात. सावलीवरून उंची कळत नाही. एकाहून अधिक सदिश एकाच जागी गोळा झाले की परतीची वाट संपली. रूपांतरण रेषीय असल्यामुळे ही तपासणी एकाच ठिकाणी करावी लागते: शून्याखेरीज कोणता सदिश शून्यावर जातो का? जात असेल तर व्यस्त नाही.

हेच टपरीवरच्या हिशेबातही दिसते. दोन वडापाव आणि एक चहा यांचे ४८ रुपये झाले. एक वडापाव आणि एक चहा यांचे ३०. आव्यूहाची पहिली ओळ २, १ आणि दुसरी १, १. त्याच्या व्यस्ताच्या ओळी १, −१ आणि −१, २. व्यस्ताने (४८, ३०) ला गुणले की वडापाव १८ रुपये आणि चहा १२ रुपये हे दर बाहेर पडतात. आता दुसरे बिल चार वडापाव आणि दोन चहांचे, ९६ रुपयांचे आहे असे समजा. ते पहिल्याचीच दुप्पट आहे, त्यातून नवे काही कळत नाही. दरांच्या असंख्य जोड्या चालतील. आणि तेच बिल ९० रुपयांचे निघाले तर एकही जोडी चालणार नाही. व्यस्त नसलेल्या आव्यूहाची समीकरणे अशी एकतर भरमसाट उत्तरे देतात किंवा एकही देत नाहीत.

दहावीत क्रेमरच्या पद्धतीत भेटलेला निश्चयक (आव्यूहातून निघणारी एक संख्या; २ × २ मध्ये दोन कर्णांवरच्या गुणाकारांची वजाबाकी) या सगळ्याची चाचणी आहे: तो शून्य नसेल तर, आणि तरच, वास्तव संख्यांचा आव्यूह व्यस्तनीय. सूत्र म्हणून तो कोरडा वाटतो, पण त्याला भूमितीत सरळ अर्थ आहे. रूपांतरणाने क्षेत्रफळ (त्रिमितीत घनफळ) किती पटीने बदलते ते निश्चयक सांगतो, आणि ऋण चिन्ह आले तर आकृती आरशातल्यासारखी उलटली असे समजायचे. निश्चयक शून्य म्हणजे चौकोन चेपून रेषा किंवा बिंदू झाला. आमच्या मते अभ्यासक्रमात हा अर्थ आधी यावा आणि सहअवयवांची (निश्चयक उलगडताना लागणाऱ्या लहान निश्चयकांची) कवायत नंतर; होते बहुधा उलटे.

दोन व्यस्तनीय आव्यूहांचा गुणाकार व्यस्तनीय असतोच, फक्त व्यस्त काढताना क्रम उलटतो. दाराला आधी कडी घातली आणि मग कुलूप लावले, तर उघडताना आधी कुलूप, मग कडी. बेरजेची मात्र काही हमी नाही: क आणि −क दोन्ही व्यस्तनीय असले तरी त्यांची बेरीज शून्य आव्यूह.

चौरस आव्यूहाच्या बाबतीत आणखी एक सवलत मिळते. कख एकक आला की खक तपासावाच लागत नाही, तो आपोआप एकक येतो. ही सवलत सांत मितीची आहे, म्हणजे आधारात मोजकेच सदिश असतात तेथली. सर्व बहुपदींच्या अवकाशाची मिती अनंत. तेथे अवकलन (क्ष वर्गाचे २क्ष करणारी क्रिया) हे रेषीय रूपांतरण आहे आणि शून्यापासून केलेले समाकलनही (२क्ष पासून क्ष वर्गाकडे नेणारी क्रिया). आधी समाकलन, मग अवकलन केले तर मूळ बहुपदी परत मिळते. उलट क्रमाने केले तर अचर पद हरवते: क्ष वर्ग अधिक ७ ची परतभेट नुसती क्ष वर्ग.

कोणत्या संख्या वापरतो यावरही उत्तर अवलंबून असते. पूर्णांकांच्या आव्यूहाचा व्यस्त पूर्णांकांतच हवा असेल तर निश्चयक १ किंवा −१ असावा लागतो. लेस्टर हिल यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या गुप्तलेखनात इंग्रजी अक्षरांना ० ते २५ हे अंक देऊन त्यांच्या गटांना आव्यूहाने गुणतात आणि २६ ने भागून बाकी घेतात. तेथे निश्चयक शून्य नसणे पुरेसे नाही, त्याचा २६ शी १ खेरीज सामाईक विभाजक नसावा लागतो. अक्षराच्या अंकाला नुसते २ ने गुणले तर ० आणि १३ दोघांचेही ० होते, आणि निरोप मिळणाऱ्यालाही मूळ अक्षर उलगडत नाही.

प्रत्यक्ष व्यस्त काढण्याचे संलग्न आव्यूहाचे (सहअवयवांपासून बनवलेल्या आव्यूहाचे) सूत्र ३ × ३ पर्यंत ठीक. निश्चयक पदे मांडून उलगडायचा तर १० × १० साठीच ३६,२८,८०० पदे होतात. त्याऐवजी क शेजारी एकक आव्यूह मांडून ओळींवर क्रिया करत (ओळीला संख्येने गुणणे, एकीची पट दुसरीत मिळवणे, ओळींची अदलाबदल) डावीकडे एकक आणायचा. उजवीकडे उरतो तो व्यस्त. नुसती समीकरणे सोडवायची असतील तर संगणकावर व्यस्त काढतही नाहीत. ओळींचे निरसन थेट केले की गुणाकार सुमारे एक तृतीयांशावर येतात आणि चुकाही सहसा कमी साठतात.

खरी अडचण ‘जवळजवळ अव्यस्तनीय’ आव्यूहांची. क्ष + य = २ आणि क्ष + १.०००१य = २.०००१ यांचे उत्तर (१, १). उजवीकडच्या २.०००१ चे २.०००२ केले की उत्तर थेट (०, २) वर उडी मारते. मोजमापात दहा हजारांश भागाची चूक कोणाचीही होते. येथे निश्चयक ०.०००१ आहे म्हणून सारा दोष त्याच्या लहानपणाला द्यावासा वाटतो, पण तो चकवा आहे. १०० × १०० च्या एकक आव्यूहाला ०.१ ने गुणले तर निश्चयक दशांशचिन्हापुढे ९९ शून्यांनंतर १ इतका क्षुल्लक होतो, आणि तरी व्यस्त अगदी निर्धोक: एककाची दहापट.

इतिहासात क्रम उलटा आहे: आधी निश्चयक, मग आव्यूह. निश्चयक सतराव्या शतकात जपानमध्ये सेकी ताकाकाझू आणि युरोपात लायप्निट्स यांच्या हातून पुढे आला. आव्यूहाला ‘मॅट्रिक्स’ हे इंग्रजी नाव मिळाले ते १८५० मध्ये, जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर यांच्याकडून. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ गर्भाशय, कारण त्यांच्या दृष्टीने हा चौकोन निश्चयकांना जन्म देणारा होता. १८५८ मध्ये त्यांचे मित्र आर्थर केली यांनी आव्यूहांचे स्वतंत्र बीजगणित मांडले आणि त्यात व्यस्तालाही जागा दिली.

व्यस्त नसलेल्या, चौरसही नसलेल्या आव्यूहांसाठी ई. एच. मूर यांनी १९२० मध्ये आणि रॉजर पेनरोझ यांनी १९५५ मध्ये स्वतंत्रपणे एक व्यापक व्यस्त दिला. संख्याशास्त्रात या कल्पनेचा विस्तार करणाऱ्यांत सी. आर. राव अग्रणी, एस. के. मित्रा यांच्यासह त्यांचा यावरचा ग्रंथ १९७१ मध्ये निघाला. हा व्यस्त समीकरणांना शक्य तितके जवळ जाणारे उत्तर देतो, आणि तशी अनेक असली तर त्यांतले सर्वांत आखूड सदिशाचे. टपरीच्या ४८ आणि ९६ रुपयांच्या बिलांवरून तो वडापाव १९ रुपये २० पैसे आणि चहा ९ रुपये ६० पैसे ठरवतो. दोन्ही बिले जुळतात. टपरीवाल्याचे दर मात्र १८ आणि १२ च आहेत.